अण्णांच्या डायरीतला 'ढ'

सरकारी कंपनीत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा ३१ मे ला काय असतं. निरोप समारंभ असतो, आणि तोही एकाचा नाही, पाच-सात जणांचा एकदम. पूर्वी शाळेत नाव घालायला गेलं की मास्तर जन्मतारीख विचारायचे, आई म्हणायची आंब्याच्या दिवसात झाला नाहीतर पोळ्याच्या आगेमागे, मग मास्तर सरळ १ जून टाकून मोकळे व्हायचे. आता नियम असा की ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. म्हणून मग मे महिना संपला की अर्धा प्लांट शाल श्रीफळ घेऊन घरी.

मी ज्या कंपनीबद्दल सांगतोय तिचं नाव लिहीत नाही, गाव पण नाही, कारण पुढे जे येणारे ते वाचून कुणालातरी मेमो मिळायचा. सरकारी औषध कंपनी, एवढं पुरे. गोळ्या, कॅप्सूल, ओआरएस, सगळं सरकारी दवाखान्यांना जाणारं. मी तिथे बाहेरचा माणूस, कॉम्प्युटर सिस्टिम व्हॅलिडेशन करतो, म्हणजे मशीनला लावलेलं सॉफ्टवेअर जे सांगतंय ते खरं सांगतंय का आणि ते कुणी मागच्या दाराने बदलू शकतं का हे तपासून त्याचे ढीगभर कागद करायचे. आमच्या प्रोजेक्टच्या पहिल्याच वर्षी ३१ मे ला ग्रॅन्युलेशनचे (म्हणजे पावडर मळून दाणे करायच्या खात्यातले) दोघं, कॉम्प्रेशनचे (गोळ्या दाबतात तिथले) एक, बॉयलरवाले मामा, स्टोअरचे मोठे साहेब आणि क्यूसीच्या, म्हणजे माल तपासायच्या लॅबच्या, एक मॅडम असे सहा जण एका दिवसात गेले. समोसा, वेफर्स, पेढा. साहेब भाषणात म्हणाले की कंपनी तुमच्या अनुभवाला मुकणार आहे, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

त्या सहा जणांत अण्णा होते. ग्रॅन्युलेशनला पस्तीस वर्षं.

प्रोजेक्टचं नाव मात्र फार भारी होतं, स्मार्ट प्लांट आणि नॉलेज मॅनेजमेंट असं काहीतरी, फाईलवर आणखी लांब होतं. नॉलेज मॅनेजमेंट हा शब्द औषधवाल्यांना तसा नवीन नाही, आयसीएच क्यू १० नावाची जी जगभर मानली जाणारी गाईडलाईन आहे ती २००८ ची, तिच्यात क्वालिटी सिस्टिम चालायला दोन गोष्टी लागतात म्हणून सांगितलंय, एक रिस्क मॅनेजमेंट आणि दुसरी हीच. रिस्कवाली सगळ्यांनी उचलली कारण तिचा तक्ता भरता येतो, नंबर टाकता येतात, ऑडिटरला दाखवता येते. नॉलेजवालीचा तक्ता होत नाही मग ती ट्रेनिंग रजिस्टरमधे जाऊन बसली. त्यात २०२३ च्या अखेरीस आपल्याकडे सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, आले, त्यात क्वालिटी सिस्टिम, रिस्क, कॉम्प्युटराईज्ड सिस्टिम हे सगळं नियमातच आलं, त्यामुळे सगळ्यांची धावपळ सुरू झाली आणि आमच्यासारख्यांना कामं मिळाली. खोटं कशाला बोलू.

टेंडर एल-वनला गेलं. म्हणजे सगळ्यात स्वस्त जो त्याला. ह्यात चूक कुणाची नाही, सरकारी कंपनीत दोन रुपये महाग घेतलं तर का घेतलं हे दहा वर्षांनी पण कॅगला सांगावं लागतं, आणि स्वस्त घेऊन बंद पडलं तर कुणी विचारत नाही. आलेल्या मंडळींनी ग्रॅन्युलेटरला, ड्रायरला, गोदामाला सेन्सर लावले, एक मोठा स्क्रीन लावला, स्काडा, म्हणजे सगळ्या मशीनचे आकडे एका जागी दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू झालं. पहिल्या आठवड्यात मी जाऊन बघतो तर सगळ्या शिफ्टचा लॉगिन एकच, आणि पासवर्ड पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवलेला. मी म्हणलं अहो ह्याला काय अर्थ आहे, उद्या चूक झाली तर कुणी केली कसं कळणार? सुपरवायझर म्हणाले साहेब, म्हणून तर एकच ठेवलाय. (ह्या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला.)

आणि त्या लोकांनी वरून फुकट म्हणून एक बॉट दिला होता. एआयवाला. कंपनीच्या सगळ्या एसओपी (काम कसं करायचं ते लिहिलेले कागद) आणि बॅच रेकॉर्ड त्याला खायला घातलेले, काही विचारा, उत्तर देतो. डेमोला साहेबांनी विचारलं पॅरासिटामॉलच्या बॅचला पेस्टला पाणी किती, तर म्हणाला २८ लिटर, पान नंबरासकट. टाळ्या. ह्या २८ लिटरवर पुढे येतोच.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोळी कशी होते ते थोडक्यात. पावडर सरळ दाबून गोळी होत नाही, पॅरासिटामॉल तर फारच हट्टी, दाबलं की वरची चकती टोपीसारखी सुटून येते, त्याला कॅपिंग म्हणतात. मग स्टार्चची पेस्ट करायची, म्हणजे चक्क खळ, आपण पूर्वी कपड्यांना लावायचो तशीच, ती घालून मोठ्या भांड्यात पावडर मळायची. ते भांडं म्हणजे आरएमजी. खाली मोठं पातं फिरतं, बाजूला बारीक चॉपर. पीठ मळतात तसंच आहे हो. पाणी कमी पडलं तर दाणा भुसभुशीत, गोळीची टोपी उडणार, जास्त झालं तर दाणा कडक, वाळायला वेळ, आणि गोळी पोटात वेळेत विरघळणार नाही. मळणं कधी थांबवायचं, हा सगळा खेळ. बॅच रेकॉर्डमधे, त्याला बीएमआर म्हणतात, लिहिलेलं होतं 'योग्य कन्सिस्टन्सी येईपर्यंत मिक्स करा' आणि खाली एक रकाना, मोटरचे अँपिअर, १४ ते १६ च्या मधे. पीठ घट्ट झालं की मोटरला जोर लागतो, अँपिअर चढतात, साधं गणित.

अण्णा अँपिअरकडे बघायचे नाहीत. ग्लोव्ह घातलेल्या मुठीत मूठभर माल घ्यायचे, दाबायचे, मूठ उघडायचे, तो लाडूसारखा राहतो का बघायचे, मग अंगठ्याने मधे टिचकी मारायचे. दोन तुकडे स्वच्छ झाले तर 'झालं'. चुरा झाला तर अजून. अंगठा रुतला तर तोंडातून एक शब्द, तो इथे लिहीत नाही. हे मी मे महिन्यात उभं राहून पाहिलं होतं आणि माझ्या वहीत लिहिलं होतं 'ऑपरेटर अनुभवावर अवलंबून, सेन्सर लावल्यावर गरज नाही'. आता ती ओळ वाचली की लाज वाटते.

जुलैत घोळ सुरू झाला. ड्रायरमधे चाळीस मिनिटांत वाळणारा माल तासभर घ्यायला लागला, दाणे खड्यासारखे, दोन बॅचच्या गोळ्या विरघळण्याच्या टेस्टला अडकल्या. स्क्रीनवर बघतो तर अँपिअरची रेघ अठराच्या वर. सगळे स्क्रीनसमोर हाताची घडी घालून उभे. सॉफ्टवेअरवाल्यांना व्हिडिओ कॉल लावला, ते म्हणाले सर सेन्सर कॅलिब्रेट करा. केला. सेन्सर बरोबर होता. मग म्हणाले मोटरचं बेअरिंग बघा. ते पण बघितलं. चार दिवस असे गेले, बाहेर पाऊस धो धो.

तिथे एक कंत्राटी पोरगा होता, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरचा, अण्णांचा हेल्पर. तो कोपऱ्यात भांडं पुसत होता. चहाच्या वेळी मला हळूच म्हणाला, सर, अण्णा पावसाळ्यात पाणी कमी घालायचे. मी म्हणलं मग आधी का नाही बोललास? म्हणाला, कुणी विचारलंच नाही, आणि बीएमआर मधे २८ च आहे ना, मी कसं सांगू.

मग काय, जुन्या बीएमआर काढल्या. तीन वर्षांच्या. प्रत्येक बॅचला पाणी २८ लिटर, प्रत्येक बॅचला अँपिअर १५. मार्च असो की जुलै, १५. एकाच पेनाने एकाच वळणात. माझ्या धंद्यातला माणूस हे बघितल्यावर खुर्चीत बसू शकत नाही, ह्याला आमच्या भाषेत डेटा इंटिग्रिटीचा प्रॉब्लेम म्हणतात आणि मोठ्या कंपन्यांना ह्यावरून परदेशातून वॉर्निंग लेटरं आलेली आहेत. पण दुसरी बाजू अशी की त्या तीन वर्षांच्या गोळ्या सगळ्या पास होत्या. क्यूसीने खऱ्या टेस्ट केलेल्या, मी तेही तपासलं. म्हणजे कागद खोटा होता आणि गोळी खरी होती. आणि अण्णा गेल्यावर आम्ही कागद खरा केला, अगदी २८ म्हणजे २८, तर गोळी बिघडली.

अण्णांकडे गेलो. गावाबाहेर घर, अंगणात नातवाची सायकल. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "वल्ला झालाय ना माल?" म्हणलं हो. "मला ठाऊकच होतं. पण फोन कसा करणार, मी आता बाहेरचा मानूस."

मग उठून आतून डायरी आणली. बँकेत फुकट मिळते तसली, खिशात मावणारी, एकावर एक अशा अकरा डायऱ्या रबरबँड लावून. बॅच नंबर, तारीख, पाणी, आणि टिचकी कशी बसली त्याच्या खुणा. २७. २८. २७. २६.५. काही बॅचच्या पुढे 'ढ'. एके ठिकाणी दोन 'ढ'. मला वाटलं त्या दिवशी सोबत कुणीतरी ढ गडी असणार म्हणून लिहिलंय. विचारलं तर अण्णा हसून लाल. "अहो ढगाळ! ढगाळ हवा आसली की ढ. लईच आसली की दोन ढ."

तिथे ओट्यावर बसून आम्ही हिशोब घातला. एका बॅचला स्टार्च साधारण ३० किलो. स्टार्च हवेतलं पाणी ओढतं, उन्हाळ्यात त्यात असेल दहा टक्के तर पावसाळ्यात गोदामात पडून तेरा होणार, आणि ते पास आहे, कारण फार्माकोपियात मक्याच्या स्टार्चला १५ टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे तीन टक्के जास्त. ३० किलोला ९०० ग्रॅम. जवळजवळ एक लिटर! अण्णा पावसाळ्यात बरोबर एक लिटर कमी घालत होते. आठवी पास माणूस, मुठीवरून काढलेलं. माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगतो.

मी म्हणलं अण्णा, हे कुणाला सांगितलं का नाही? तर म्हणाले सांगितलं होतं, फार वर्षांपूर्वी, एका साहेबांना. ते साहेब म्हणाले लेखी द्या. "लेखी दिलं आसतं तर पैल्यांदा मलाच इचारलं आसतं, आजवर किती बॅचला असं केलंस म्हणून." मग त्यांनी दिलं नाही. आणि पोरांना मात्र हातात हात धरून शिकवत राहिले.

मला विचाराल तर सगळं इथेच आहे. सरकारी औषध कंपन्यांत ज्ञान नाही असं नाही, ते ढिगाने आहे, पण ते लपून बसलंय, आणि लपलंय कारण आपणच त्याला बेकायदा करून ठेवलंय. बीएमआरमधे एकच आकडा छापला की त्याच्या आजूबाजूचं सगळं शहाणपण गुन्हा होतं. मग माणूस दोन वह्या ठेवतो, एक साहेबांसाठी आणि एक खिशात. ह्यावर स्काडा लावा, बॉट लावा, काहीही लावा, तो साहेबांची वही वाचणार. म्हणून तर बॉट म्हणाला २८.

ही भीती काही आजची नाही. आपल्या परळचीच गोष्ट बघा. वाल्देमार हाफकिन, प्लेगची लस ज्याने मुंबईत बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, त्याची लॅब १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमधे होती. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मुल्कोवाल नावाच्या खेड्यात १०७ जणांना लस दिली, त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले, नंबर ५३ एन. चौकशी बसली. हाफकिनच्या लॅबने लस निर्जंतुक करायची पद्धत बदलली होती, कार्बोलिक ॲसिड काढून उष्णतेवर भिस्त ठेवली होती, आणि हा बदल कागदावर होता. झालं, बोट तिकडे गेलं, हाफकिनची लॅब गेली, नाव गेलं. आणि त्याच चौकशीच्या कागदांत हे पण होतं की गावात बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. ते कुणाला दिसलं नाही. १९०७ मधे रोनाल्ड रॉससकट दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समधे पत्र लिहिलं तेव्हा कुठे तो सुटला. पुढे १९२५ मधे त्याच लॅबला त्याचं नाव दिलं, आणि १९७५ मधे त्यातूनच राज्य सरकारचं औषध निर्माण महामंडळ वेगळं निघालं. पण बघा ना, ज्याने बदल लिहिला तो अडकला. हे शहाणपण मग पिढ्यान्पिढ्या खाली झिरपतं, लिहू नका, अडकाल. अण्णांनी मुल्कोवालचं नाव पण ऐकलेलं नाही पण धडा त्यांना पाठ आहे.

बरं हे एका प्लांटचं झालं. अख्ख्या देशाने असं ज्ञान गमावलंय, आणि त्याची सुरुवात आमच्या पिंपरीत झाली होती म्हणून मला जरा जास्तच लागतं. मी पिंपरी-चिंचवडचा, एचए कॉलनी, एचएचं ग्राउंड हे लहानपणापासूनचे शब्द, एचए म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हे फार उशिरा कळलं. १९५४ ची कंपनी, सरकारी औषध कंपन्यांतली पहिली, डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने मदत केली आणि १९५५ पासून पिंपरीत पेनिसिलिन निघायला लागलं. नुसतं दुसऱ्याचं बनवून थांबले नाहीत, तिथल्या संशोधकांनी पिंपरीच्या मातीतल्या जंतूपासून बुरशीवरचं औषध काढलं, हमायसिन, आणि त्या जंतूचं शास्त्रीय नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंप्रिना! आपल्या पिंपरीच्या नावाचा जंतू आहे जगात, आणि इथे शेजारच्या चहावाल्याला सोडा, मला पण तिशी उलटल्यावर कळलं. हे पण नॉलेज मॅनेजमेंटच म्हणायचं, किंवा त्याचा अभाव.

पेनिसिलिन गोळीसारखं नाही, ते पिकवावं लागतं. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला मक्याचं पाणी, साखर, हवा द्यायची, हवा पण निर्जंतुक, एक परका जंतू आत शिरला की अख्खी टाकी गटारात. फेस वर आला तर तेल घालायचं, कमी घातलं तर फेस बाहेर, जास्त घातलं तर बुरशीला श्वास मिळत नाही. आणि बुरशीची जात सांभाळायची, नाहीतर ती हळूहळू आळशी होत जाते. ह्यातलं निम्मं पुस्तकात असतं, निम्मं रात्रपाळीच्या माणसाच्या नाकात आणि कानात. नव्वदच्या दशकापासून चीनचं स्वस्त पेनिसिलिन जी यायला लागलं आणि आपले कारखाने एकेक करून थांबले. तेव्हा कुणी म्हणलं नाही की ज्ञान बंद करतोय, म्हणले तोटा बंद करतोय. मग २०२० मधे, चीनवर सगळं अवलंबून आहे हे ध्यानात आल्यावर, सरकारने कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादन केलं की प्रोत्साहनाचे पैसे देणारी योजना आणली, तिच्यात पेनिसिलिन जी अगदी वरच्या यादीत, आणि २०२४ मधे काकीनाड्याजवळ खाजगी कारखान्यात ते परत निघायला लागलं. मधली वर्षं कोरडी. त्या मधल्या वर्षांत किती डायऱ्या रद्दीत गेल्या असतील?

हां, एक मात्र आहे, ज्ञान पायांनी चालतं. आयडीपीएल, १९६१ ची दुसरी मोठी सरकारी कंपनी, रशियन मदतीने उभी राहिलेली, तिचा हैदराबादचा प्लांट. तिथे नोकरी केलेल्यांनी बाहेर पडून स्वतःच्या कंपन्या काढल्या, डॉ. रेड्डीज वाले अंजी रेड्डी त्यातलेच. हैदराबाद आज औषधांचं शहर आहे ते अशाने. म्हणजे सरकारी कंपनीने माणसं घडवली, ज्ञान वाया नाही गेलं, रस्ता ओलांडून गेलं. केंद्राने डिसेंबर २०१६ मधे आयडीपीएल बंद करायचं ठरवलं तेव्हा तिच्यातलं जे चांगलं होतं ते कधीच बाहेर पडून गब्बर झालेलं होतं. पिंपरीच्या एचएची पण त्याच बैठकीत निर्गुंतवणुकीच्या यादीत वर्णी लागली. असो. त्या विषयावर लिहायला बसलो तर सकाळ होईल.

तर मूळ गोष्ट. परत येताना गाडीत एक विचार आला, आणि तो मला कुठल्या गाईडलाईनमधून नाही आला, सरकारी नस्तीवरून आला. आपण फाईलला हसतो, पण टिपणी हा प्रकार काय असतो बघा. क्लार्क लिहितो काय प्रस्ताव आहे आणि का, वरचा लिहितो मान्य पण अमुक कारणाने तमुक बदल, तिसरा लिहितो चर्चा करा. वीस वर्षांनी फाईल उघडली तरी कुणाच्या डोक्यात काय चाललं होतं ते सगळं सापडतं. बीएमआरमधे काय केलं ते आहे, का केलं ते कुठेच नाही. स्काडाच्या आलेखात पण नाही. म्हणजे ज्या सरकारी सवयीला आपण मागास म्हणतो तीच खरं तर नॉलेज मॅनेजमेंट आहे आणि ज्याला स्मार्ट म्हणतो ते नुसतं आकडे गोळा करतंय. हे मी मीटिंगमधे बोललो तर अकाउंटचे साहेब एवढे खूश झाले की विचारू नका.

क्यूएच्या, म्हणजे गुणवत्तेची सगळी पद्धत सांभाळणाऱ्या खात्याच्या, मॅडम कडक, पण त्यांनीच हे तडीला नेलं. त्यांनी पहिल्या मीटिंगला सांगितलं की मागचं काय झालं ते एका डेव्हिएशनमधे (ठरल्यापेक्षा वेगळं घडलं त्याची रीतसर नोंद) कंपनीच्या नावावर नोंदवायचं, सिस्टिमची चूक म्हणून, आणि कुठल्याही ऑपरेटरचं नाव त्यात येणार नाही. हे लेखी काढलं. आणि त्या दिवशी दुपारपासून, खोटं वाटेल, दोन दिवसांत कॉम्प्रेशनच्या पोरांनी, कोटिंगच्या बाईंनी, बॉयलरच्या नव्या माणसाने सुद्धा सांगायला सुरुवात केली, सर आमच्याकडे पण असं एक आहे. कोटिंगच्या बाई तर एका श्वासात सात गोष्टी बोलल्या. सेन्सरला सहा महिने लागले होते, ह्याला एक कागद लागला.

मग रीतसर चेंज कंट्रोल, म्हणजे पद्धत बदलायच्या मंजुरीचा अर्ज, टाकला. ट्रायल बॅच घेतल्या, काहींना उन्हाळ्यातल्यासारखा वाळवलेला स्टार्च आणि काहींना मुद्दाम दमट ठेवलेला. ठरलं असं की प्रत्येक लॉटच्या स्टार्चचं पाणी लॅबच्या मॉइश्चर बॅलन्सवर मोजायचं (ते मशीन आधीपासूनच होतं, दहा मिनिटांचं काम) आणि त्यावरून पेस्टचं पाणी २६.५ ते २८ च्या मधे धरायचं. आकड्याच्या जागी रेंज, तीही मान्यता घेऊन, अभ्यास जोडून. नियमात ह्याला पहिल्यापासून जागा आहे, आयसीएच क्यू ८ मधे डिझाईन स्पेस म्हणून हेच तर सांगितलंय, पण त्यासाठी कुणीतरी बसून सिद्ध करायला लागतं आणि रिकाम्या जागा न भरलेल्या सरकारी कंपनीत बसायला माणूस कुठाय. गोदामात दमटपणाचा सेन्सर आला आणि त्याची रेघ अँपिअरच्या रेघेखाली त्याच स्क्रीनवर घेतली. मळणं थांबवताना ऑपरेटरने एक ओळ लिहायची, का थांबवलं, मराठीत चालेल. सॉफ्टवेअरवाले म्हणाले मराठी फॉन्ट एल-वनमधे नाही, त्याचे वेगळे पैसे पडतील. ते भांडण दीड महिना चाललं. प्रत्येकाला आपापला लॉगिन मिळाला, चिकटपट्टी निघाली. तिचा डाग मॉनिटरवर अजून आहे.

अण्णांना तीन महिने सल्लागार म्हणून बोलवायचं ठरलं तर त्याला नियमच नाही, रिटायर्ड कामगाराला सल्लागार नेमता येत नाही, अधिकाऱ्याला येतं. शेवटी प्रशिक्षक म्हणून तासावर मानधन दाखवलं. पहिल्या दिवशी नवीन बूट घालून आले. पोरांना ग्लोव्ह घालून मूठ करायला लावली, प्रत्येक टिचकीला पोरगा स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, आणि अण्णा सांगायचे झालं की नाही. चाळीस बॅच असं केलं. अण्णांचं 'झालं' आणि साडेपंधरा अँपिअर हे बहुतेक वेळा जुळलं. जिथे नाही जुळलं तिथे दोनदा अण्णा बरोबर होते आणि एकदा मशीन, त्या एकदाला अण्णा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

बॉटचं काय झालं विचाराल तर त्याची एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, संपली आणि रिन्यू करायला टिपणी वर गेलीय. आता औषधाच्या टॉप ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आहे, १ ऑगस्ट २०२३ पासून, सरकारी दवाखान्यांचा साठा ऑनलाईन दिसतो, हे सगळं चांगलंच आहे, माझं पोट त्याच्यावरच चालतं. पण क्यूआर स्कॅन केल्यावर बॅच नंबर येतो, त्या दिवशी ढग होते का हे येत नाही.

तो कंत्राटी पोरगा अजून आहे, अकरा महिने संपले की एक दिवस ब्रेक, परत ऑर्डर. गोदामाच्या सेन्सरला सिस्टिममधे नाव द्यायचं होतं तेव्हा त्यालाच विचारलं, त्याने फटकन सांगितलं, आणि फॉन्टचे पैसे भरलेलेच होते म्हणून ते तसंच गेलं. मागच्या महिन्यात ड्रग इन्स्पेक्टर आले होते. स्क्रीनसमोर उभे राहून म्हणाले, हे काय आहे, हे एक अक्षर, 'ढ'? आम्ही सगळे जमिनीकडे बघतोय. पोरगा सरळ चेहऱ्याने म्हणाला, "सर, रिलेटिव्ह ह्युमिडिटी."

इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं.